नाव ठाऊक नसलं तरी चालेल

खानापुरात, स्टेशन रोडच्या झेरॉक्स दुकानात
लॅमिनेशनच्या मशीनशेजारी माझं स्टूल.
साडेसहानंतर, वीज असेपर्यंत,
मी तिथं बसून
मुक्त सॉफ्टवेअरची एक लांबलचक यादी
माणसांना दाखवतो. पगार नाही. चहा असतो.

यादीत हजारो नावं,
कुठल्या कुठल्या देशांत रात्री जागून ठेवलेली.
बेकवाडच्या भरमाण्णानं चार वाचली आणि विचारलं,
"ही औषधं हाईत काय ओ?"

यादी म्हणते वित्त. यादी म्हणते उत्पादकता.
नागुबाई हलगेकर म्हणाल्या,
"दुधाची वही पायजे. सकाळची धार येगळी, सांजची येगळी.
आणि मधेच ती बाई नाचत यायला नको."

'दूध' लिहिलं. काही नाही.
'वही' लिहिलं, तर एकशे बारा,
त्यातल्या निम्म्या कविता करणाऱ्यांसाठी.
नागुबाई स्टुलाच्या कडेला टेकून, पदरानं वारा घेत,
जणू बस यायचीच आहे.
शेवटी सापडली ती कुण्या पोहणाऱ्यानं केलेली,
तलावात सकाळी किती फेऱ्या, संध्याकाळी किती,
एवढंच मोजणारी.
फेऱ्यांच्या जागी लिटर लिहिलं. बाई नाचली नाही.

दुर्गाप्पा कुंभाराला फुकटाचा संशय.
"गोम कुठं हाय ते आधी सांगा."
मी म्हटलं, तुमच्या भट्टीला बघायचं भोक असतं ना,
तसं याला आहे. आत काय चाललंय ते दिसतं.
तुम्ही बघणार नाही, पण बघणाऱ्याला कुणी अडवत नाही.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "भोक असून काय,
जाळाचा रंग कळणारा डोळा पायजे की."
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजून नाही.
त्यानं तरी घेतलं. परत आला नाही,
म्हणजे चालत असेल, किंवा काढून टाकलं असेल.

महांतेश कोरी आला तो कीबोर्ड शोधत.
ऑफिसात कन्नड, आणि हेंडतीचं माहेर चंदगड,
तिथं मेव्हण्याला मराठीतच लिहावं लागतं.
बोट सरकवलं की लिपी बदलते असा एक मिळाला.
त्यानं आधी इकडचा ळ लिहिला, मग तिकडचा ळ,
आणि उगाचच हसला.
जाताना यादीत त्या नावाखाली
त्यानं कन्नडमध्ये एक ओळ घातली.
शाळेत कन्नड होतं मला, वाचली.
एक शब्द चुकला होता, दुरुस्त करायला गेलो.
चुकला नव्हता. मला येत नव्हता.

मी खुणेचे शब्द घालत बसतो आता,
लोक म्हणतात तसेच:
धार. रतीब. उधारी. नाचणारी बाई नाही.
परवा अथणीहून कुणीतरी नेमकं तेच लिहून
नेमकं तिथंच पोचलं.

पण सांगायचं वेगळंच होतं.
आठव्या दिवशी नागुबाई परत आल्या.
"फॅट कुठं लिवायची? तीन पॉइंट आठ घेईना झालंय."
फेऱ्या पूर्ण आकड्यातच असतात, त्याला काय ठाऊक!
मी त्या पोहणाऱ्याला लिहिलं, मोडक्या इंग्रजीत:
अपूर्णांक हवा, फॅटसाठी.
त्यानं विचारलं, कुणाच्या पोटाची?
मग म्हशीचा फोटो पाठवला.

महिना गेला. कळवलं नाही त्यानं काही.
नवी आवृत्ती आली तेव्हा
बदलांच्या टिपणात एकच ओळ होती,
आता दशांश चिन्ह चालेल.

नागुबाईंना दाखवलं. "व्हय? बरं झालं,"
म्हणाल्या, आणि पाच नंबरच्या बससाठी पळाल्या.

आणि कुठल्याशा थंड गावात, निळ्या पाण्याकाठी,
दमून मधेच थांबलेला कुणी एक
आज पहिल्यांदा खरं लिहितो आहे:
साडेतीन फेऱ्या.